पृथ्वीच्या पोटातील लोखंड आणि आपली हवा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. अशा भट्टीच्या तळाशी लोखंडाचा जड रस साचतो व त्यावर हलकी मळी तरंगते. माथ्यावाटे निघणाऱ्या वायूत विषारी कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, कारण आत ऑक्सिजनचा तुटवडा असतो. जाणते कारागीर या वायूच्या पृथक्करणावरूनच भट्टीच्या पोटात काय चालले आहे हे ताडतात.

पृथ्वीही एके काळी अशीच वितळलेली होती. सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी जड लोखंड खाली बुडून त्याचा गाभा बनला आणि हलक्या खडकांचे प्रावरण त्याभोवती राहिले. हा गाभा आपल्या पायांखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर सुरू होतो. धातुरूप लोखंड प्रावरणातच मिसळून राहिले असते, तर ज्वालामुखींतून मुख्यत्वे हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडले असते. ते खाली गेले, म्हणून पाण्याची वाफ व कार्बन डाय-ऑक्साइड यांना प्राधान्य मिळाले. (भट्टीची उपमा येथे थोडी लंगडी पडते, पृथ्वीत कोणी कोक घातला नव्हता.)

या वायूंत मुक्त ऑक्सिजन मात्र नव्हता. तो सागरातील सूक्ष्म जीवांनी सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने निर्माण केला. परंतु तो हवेत टिकेना. ज्वालामुखींचे वायू आणि सागरतळाच्या उष्ण झऱ्यांतून येणारे विरघळलेले लोह त्याला गिळून टाकीत. भिलाईस खनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या टेकड्यांत लोखंडाचे व सिलिकेचे जे थरावर थर दिसतात, ते अशाच प्राचीन सागराच्या तळाशी साचलेले आहेत. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पारडे फिरले आणि हवेत ऑक्सिजन साठू लागला.

मंगळाचे नशीब निराळे. पृथ्वीच्या केवळ एक-दशांश वस्तुमानाचा हा ग्रह लवकर निवला. त्याच्या गाभ्यातून उत्पन्न होणारे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वी, कदाचित त्यानंतर काही काळाने, लोपले; ज्वालामुखींचा पुरवठा आटला आणि हवा अवकाशात निसटत गेली. आज तेथील वायुदाब आपल्या शतांशाहूनही कमी आहे. शुक्र आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा. पण तेथे पाणी उरले नाही. पृथ्वीवर पावसाचे पाणी खडक झिजवून हवेतील कार्बन चुनखडीत कोंडते, सागरतळाबरोबर तो खाली ओढला जातो आणि ज्वालामुखी त्यातील काही भाग परत करतात. शुक्रावर हा फेरा चालत नाही. म्हणून वायुदाब पृथ्वीच्या नव्वदपटींहून अधिक आणि तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस.

इतर ताऱ्यांभोवतीच्या खडकाळ ग्रहांचे पोट तर आपणास दिसणेच शक्य नाही. २०२२ पासून जेम्स वेब दुर्बीण अशा काही ग्रहांच्या प्रकाशात हवेच्या खुणा शोधीत आहे. तेथे कोणता वायू सापडतो यावरून आतल्या लोखंडाची अवस्था ताडण्याचा प्रयत्न होईल. भिलाईचे कारागीर भट्टीच्या माथ्यावरील वायू पाहून करतात, तसाच.