एक जर्मन, एक फ्रेंच : दोन चपळ मोटारींचा हिशेब

ज्या मोटारीला वेगळी डिकी नसते आणि मागचा दरवाजा काचेसकट वर उघडतो, तिला हॅचबॅक म्हणतात. मारुती ८०० मुळे हा आकार आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचा झाला. याच घरगुती गाडीत जोरदार इंजिन बसवून 'हॉट हॅचबॅक' विकण्याचा धंदा युरोपात उभा राहिला. त्यातील दोन नामांकित गाड्या आम्ही आज समोरासमोर ठेवत आहोत.

पहिली जर्मनीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय. ती १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि १९७६ साली बाजारात आली. कंपनीतील मोजक्या इंजिनिअरांनी सुरुवातीचे काम गुपचूप केले होते. माल खपेल की नाही अशी शंका असल्याने फक्त ५,००० गाड्या काढायचे ठरले. प्रत्यक्षात पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. (गिऱ्हाइकाचा अंदाज चुकणारे आपणच एकटे नाही!) तिचे इंजिन १.६ लिटरचे, ११० अश्वशक्तीचे होते आणि वजन सुमारे ८१० किलो. पेट्रोल कार्बुरेटरऐवजी इंजेक्शनने जात असे. वेग ताशी १८० किलोमीटरपर्यंत सहज जाई.

दुसरी फ्रान्सची प्यूजो २०५ जीटीआय. ही १९८४ साली आली, आधी १.६ लिटर व १०५ अश्वशक्ती, पुढे १.९ लिटर व १३० अश्वशक्ती. तोवर गोल्फची दुसरी पिढी आली होती, अधिक मोठी आणि जड. प्यूजो मात्र हलकी राहिली, आणि खरा फरक इथेच पडला.

वळणावर प्यूजो विलक्षण चपळ. पण भर वेगात वळण घेताना चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, तर वजन पुढच्या चाकांवर येते, मागची चाके हलकी होतात आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. तरबेज चालक याच गुणाचा फायदा घेई. नवखा थेट कुंपणात जाई. गोल्फ अशा वेळी चूक पुष्कळ सांभाळून घेते. आमच्या मते, जिला रोज कुटुंब न्यायचे आहे आणि धंद्याचीही धाव करायची आहे, ती गाडी गोल्फ. हुनर पाहायचा असेल तर प्यूजो.

दोन्ही कंपन्यांचा महाराष्ट्राशी संबंध आला. प्यूजोने १९९० च्या दशकात प्रीमियरशी भागीदारी करून कल्याणजवळ ३०९ ही गाडी काढली. ती २०५ च्याच सांगाड्यावर बेतलेली होती. ती भागीदारी फार टिकली नाही. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला, पण गोल्फ जीटीआय तिथे बनली नाही. २०२५ साली ती आयात होऊन आली, किंमत सुमारे ५३ लाख रुपये.

परदेशात राहणाऱ्या कुणा नातेवाइकाला जुनी गाडी घ्यायची असेल, तर त्याला एवढे कळवावे : प्यूजोची मागची चाके मागून पाहावीत. वरच्या बाजूने आत झुकलेली दिसली, तर मागच्या आसाचे बेअरिंग गेले आहेत आणि खर्च मोठा आहे. जुन्या गोल्फमध्ये पेट्रोल भरण्याच्या नळीला आतून गंज धरतो, आणि तो कचरा इंजेक्शनपर्यंत पोहोचतो.