दूध सुरक्षित राखणारी दुहेरी झडप

मुळा व पवना या नद्यांच्या संगमालगतचे सांगवी हे गाव आज पिंपरी-चिंचवडच्या नागरी वस्तीत मिसळून गेले आहे. पवनेच्या पलीकडे दापोडी येथे अल्फा लाव्हल कंपनीचा कारखाना आहे. दुधातून मलई वेगळी करणाऱ्या यंत्रामुळे ख्याती पावलेली ही मूळची स्वीडिश कंपनी भारतात १९३७ पासून कार्य करीत आली आहे. दुग्धालयांसाठी अशा कंपन्या ज्या झडपा बनवितात, त्यांपैकी दुहेरी झडपेची माहिती प्रत्येक दूध उत्पादकास असणे हिताचे आहे.

घरची चरवी घासून उन्हात पालथी घालता येते. दुग्धालयातील टाक्या व नळ्या मात्र रोज उघडून घासणे शक्य नसते. त्या जागच्या जागीच धुतात. या पद्धतीस ‘सीआयपी’ म्हणतात. प्रथम पाणी, नंतर १ ते २ टक्के कॉस्टिक सोड्याचे कढत द्रावण, पुन्हा पाणी, क्षारांचा थर काढण्यासाठी सौम्य नायट्रिक आम्ल आणि अखेरीस स्वच्छ पाणी, असा सामान्य क्रम असतो. नळीतील द्रावणाचा वेग सेकंदास सुमारे दीड मीटर असावा लागतो. एरव्ही चिकटलेला मळ सुटत नाही.

एक टाकी धुतली जात असता शेजारच्या टाकीत दूध भरलेले असते. दोहोंमध्ये एकच झडप असून तिचे रबर झिजले, तर सोडा दुधात उतरेल आणि कोणाच्या ध्यानातही येणार नाही. याकरिता पूर्वी जोडनळी हाताने काढून ठेवीत, किंवा तीन झडपा बसवीत: दोन बंद, मधली निचऱ्यासाठी उघडी. दुहेरी झडपेत हीच योजना एका कवचात साधली आहे. तिच्यात दोन झाकणे असून त्यांमधील पोकळी बाहेर उघडते. एखादे रबर निकामी झाले, तरी गळती दुधात न जाता खाली जमिनीवर पडते. झडप हवेच्या दाबाने उघडते; दाब गेल्यास स्प्रिंग तिला मिटविते. धुलाईच्या वेळी एकेक झाकण क्षणभर उचलले जाते व त्याची बैठकही धुऊन निघते.

त्या वेळी निचऱ्यातून द्रावण वाहणे स्वाभाविक होय. परंतु झडप मिटलेली असताना थेंब पडत राहिल्यास रबर तत्काळ बदलावे. निचऱ्याचे तोंड कधीही बुजवू नये. संघाच्या टाकीत अनेक घरांचे दूध एकत्र येते. एका झिजलेल्या रबरापायी ते सारे ओतून देण्याची पाळी येऊ शकते. म्हणून दुग्धालयास भेट देणाऱ्या सभासदांनी झडपेखालची जमीन कोरडी आहे की नाही, हे अवश्य पाहावे.