नोट्स नावाचं ऑफिस

लोटस नोट्स या ऑफिसातल्या सॉफ्टवेअरला शिव्या घालणारी पिढी अजून नोकरीत आहे. एफ-५ दाबलं की जगात सगळीकडे पान ताजं होतं; नोट्समध्ये मात्र कुलूप लागायचं आणि पुन्हा पासवर्ड मागितला जायचा. पासवर्डचं एक अक्षर टाइप करावं तर भलतेच तीन-चार ‘एक्स’ उमटत, आणि शेजारी प्राचीन इजिप्तच्या भिंतीवर असावीत तशी चित्रं बदलत राहत. यातलं काहीच विक्षिप्तपणातून आलेलं नव्हतं. पाठीमागे उभ्या असलेल्याला पासवर्डची लांबी कळू नये म्हणून जादा एक्स होते. पासवर्ड चोरण्यासाठी कुणी हुबेहूब खोटी चौकट समोर ठेवलीच, तर ओळखीची चित्रं न दिसल्याने ती पकडता यावी म्हणून चित्रं होती. पण हे वापरणाऱ्याला सांगायची तसदी फारशी कुणी घेतली नाही. नोट्सच्या पुष्कळशा दुर्दैवाचं मूळ इथेच आहे.

नोट्सची मुळं कुठल्या कंपनीत नसून विद्यापीठात आहेत. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी संगणकावरून शिकवण्यासाठी ‘प्लेटो’ नावाची यंत्रणा उभारली होती. नारिंगी उजेडाचे सपाट पडदे आणि त्यामागे एकच मोठा संगणक. यंत्रणेत काही बिघडलं की लोक एका सामाईक फाइलीत तक्रार लिहीत, आणि ती फाइल कुणीही खोडू शके. १९७३ साली डेव्हिड वुली या सतरा वर्षांच्या पोराने त्यावर ‘नोट्स’ नावाचा प्रोग्राम लिहिला: प्रत्येक तक्रार वेगळी, तिच्याखाली उत्तरं, आणि दुसऱ्याचं लिहिलेलं कुणाला पुसता येणार नाही. लवकरच तक्रारी बाजूला राहिल्या आणि गप्पा सुरू झाल्या. त्या विद्यापीठात शिकणाऱ्या रे ओझी, टिम हॅलवर्सन आणि लेन कॉवेल या तिघांच्या डोक्यात हे पक्कं बसलं. शिक्षण संपवून बाहेरच्या जगात नोकरीला लागल्यावर त्यांना कळलं की तिथे असलं काही नाहीच.

ओझी पुढे लोटस डेव्हलपमेंटमध्ये गेले. १९८३ साली बाजारात आलेल्या १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्रामने ही कंपनी श्रीमंत केली होती. संस्थापक मिच केपर हे एकेकाळी भावातीत ध्यान शिकवत. कंपनीचं नाव पद्मासनावरून आलं. केपर यांनी ओझींशी सौदा केला: आधी आमचा ‘सिंफनी’ हा प्रोग्राम पुरा करा, मग तुमच्या कल्पनेला पैसा देतो. त्याप्रमाणे डिसेंबर १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ‘आयरिस असोसिएट्स’ ही छोटी कंपनी निघाली. पैसा लोटसचा, कारागीर मात्र स्वतंत्र. हॅलवर्सन आणि कॉवेल लगेच येऊन मिळाले. पहिली आवृत्ती दुकानात यायला डिसेंबर १९८९ उजाडला. पाच वर्षं दुकानात काहीच न येता चाललेल्या कामाला पैसे पुरवत राहणारा मालक आज शोधून सापडणार नाही.

त्यांच्यासमोरचा खरा पेच तारांचा होता. एका शहरातलं ऑफिस दुसऱ्या शहरातल्या ऑफिसशी जोडायचं तर हाताशी टेलिफोन आणि मंद मोडेम. प्लेटोसारखा एकच मोठा संगणक शक्य नव्हता. म्हणून नोट्समध्ये प्रत्येक ऑफिसच्या सर्व्हरवर माहितीची पूर्ण प्रत ठेवली गेली. ठरलेल्या वेळी, बहुधा फोनचे दर कमी असताना रात्री, एक सर्व्हर दुसऱ्याला फोन लावी. मागच्या भेटीनंतर काय बदललं एवढीच देवाणघेवाण होई आणि फोन ठेवला जाई. याला ‘रेप्लिकेशन’ म्हणत. दोन ठिकाणी दोघांनी एकच कागद बदलला असेल तर नोट्स कुणाचंच काम फेकत नसे. एक प्रत मुख्य ठरे, दुसरी तिच्याखाली ‘कॉन्फ्लिक्ट’ असा शिक्का घेऊन पडून राही, आणि निकाल माणसाने लावायचा. लॅपटॉपवरही तशीच प्रत नेता येई. विमानात बसून काम करावं आणि उतरल्यावर जोडणी मिळताच सगळं जुळून यावं, हे आज मोबाइलमुळे नित्याचं झालं आहे. नोट्समध्ये ते तेव्हाच होतं. नोट्सच्या आत काम केलेल्या डेमियन कॅट्झ यांनी पुढे ‘काउचडीबी’ हा डेटाबेस बनवला, त्यातही हाच विचार आहे.

विक्रीची सुरुवात दणक्यात झाली. प्राइस वॉटरहाउस या हिशेब तपासणाऱ्या बड्या कंपनीने माल बाजारात येण्याआधीच दहा हजार प्रती घेतल्या. एरवी किमान खरेदी दोनशे जणांची आणि किंमत ६२,५०० डॉलर, म्हणजे लहानसहान धंदेवाल्यांनी लांबूनच नमस्कार करावा अशी.

बड्या कंपन्यांना विकत घेणं सोपं होतं; वापरात आणणं नव्हतं. एमआयटीच्या वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी एका मोठ्या सल्लागार कंपनीत नोट्स आल्यावर काय घडतं ते जवळून पाहिलं आणि १९९२ साली निबंध लिहिला. कंपनीचं खरं नाव त्यांनी दिलं नाही, ‘अल्फा’ म्हटलं. वरिष्ठांना वाटत होतं की नोट्स टेबलावर ठेवलं की लोक आपापलं ज्ञान त्यात ओततील. तिथल्या सल्लागारांचं गणित निराळं होतं. त्यांचा प्रत्येक तास कुठल्या तरी ग्राहकाच्या बिलात जायला हवा. नोट्स शिकायला घालवलेला तास कुणाच्या नावावर लावायचा? आणि बढती मिळवा नाहीतर चालते व्हा, अशी रीत असलेल्या ठिकाणी मला जे येतं ते शेजारच्याला फुकट का द्यावं? ज्यांची आपसात अशी चढाओढ नव्हती, त्या तांत्रिक विभागातल्या लोकांनी मात्र नोट्स मनापासून वापरलं. पुढे ‘नॉलेज मॅनेजमेंट’च्या नावाने आलेल्या प्रत्येक पोर्टलच्या विक्रेत्याने हा निबंध वाचायला हवा होता. वाचला असता तर धंदा बुडाला असता, हेही खरं.

जून १९९५ मध्ये आयबीएमने लोटसवर झडप घातली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलने १-२-३ची सद्दी संपवत आणली होती. आयबीएमचे प्रमुख लू गर्स्टनर यांना हवं होतं ते नोट्स. बोली लागली शेअरमागे ६० डॉलरची, आठवड्याच्या आत ६४ वर सौदा झाला, एकूण साडेतीन अब्ज. त्याच सुमाराला वेब फोफावत होतं आणि ब्राउझर फुकट मिळत होता. डिसेंबर १९९६ मध्ये सर्व्हरला ‘डॉमिनो’ हे नाव मिळालं आणि नोट्समधले कागद ब्राउझरमध्ये दिसू लागले. इंट्रानेट हा शब्द तेव्हा नवा आणि ऐटीचा होता. कितीतरी कंपन्यांचं पहिलं इंट्रानेट म्हणजे ब्राउझरचा अंगरखा घातलेलं नोट्स होतं.

याच काळातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोट्समध्ये सांकेतिक कुलपं, म्हणजे एन्क्रिप्शन, पहिल्यापासून होती आणि ती चांगली होती. अमेरिकन सरकार मात्र भक्कम कुलपं देशाबाहेर विकू देत नसे. किल्लीची मर्यादा ४० बिटांची. लोटसने १९९६ मध्ये तोड काढली: परदेशी गिऱ्हाइकालाही ६४ बिटांची किल्ली, पण तिचे २४ बिट एनएसए या गुप्तहेर संस्थेला उघडता येतील अशा पाकिटात घालून प्रत्येक संदेशासोबत पाठवायचे. इतरांना ६४ बिट फोडावे लागतील, एनएसएला फक्त ४०. हे उघडपणे जाहीर केलं होतं, तरी स्वीडनमध्ये सरकारी कचेऱ्यांच्या ते उशिरा लक्षात आलं आणि १९९७ मध्ये तिथे बराच गदारोळ झाला. पुढे प्रोग्राम उकलून पाहणाऱ्यांना एनएसएच्या त्या किल्लीचं आतलं नाव सापडलं. संस्था: ‘मिनिट्रुथ’, व्यक्ती: ‘बिग ब्रदर’. ऑर्वेलची ‘१९८४’ वाचलेला कुणीतरी प्रोग्रामर हाती आलेलं काम नाइलाजाने करत होता, एवढं यावरून नक्की समजतं.

ओझी १९९७ मध्ये बाहेर पडले, ‘ग्रूव्ह’ ही कंपनी काढली, ती मायक्रोसॉफ्टने घेतली, आणि तिथे ते बिल गेट्स यांच्या मागून मुख्य सॉफ्टवेअर आर्किटेक्ट झाले. इकडे नोट्स लोकांच्या तोंडी फक्त ‘ऑफिसचा वाईट ईमेल’ म्हणून उरलं. माझ्या मते हा अन्याय आहे. ईमेल हा नोट्सच्या असंख्य डेटाबेसपैकी एक, आणि बेताचाच. त्याची ताकद होती ती हाताशी असलेल्या फॉर्म बनवण्याच्या सोयीत. रजेचे अर्ज, खरेदीच्या मंजुऱ्या, तक्रारींची नोंद, कारखान्यातल्या तपासणीचे तक्ते: ज्याला प्रोग्रामर म्हणता येणार नाही असा एखादा चौकस कर्मचारी दोन दुपारींत असं ॲप उभं करी. ते चाले. इतकं चाले की बनवणारा निवृत्त झाला तरी चालतच राही, आणि त्यातली मंजुरीची वाट अमक्याच्या टेबलावरून तमक्याच्या टेबलावर का जाते हे विचारायला कुणी उरत नसे.

म्हणूनच नोट्स मेलं नाही. ईमेल एका शनिवार-रविवारी दुसरीकडे हलवता येतो. ही ॲप हलवायची तर आधी प्रत्येकाचा उद्देश शोधावा लागतो. आयबीएमने डिसेंबर २०१८ मध्ये नोट्स, डॉमिनो आणि आणखी काही उत्पादनं नोएडाच्या एचसीएलला १.८ अब्ज डॉलरला विकायचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी व्यवहार पुरा झाला. आपल्याकडच्या कितीतरी अभियंत्यांनी परदेशी गिऱ्हाइकांचं नोट्स सांभाळण्यात आणि मोडीत काढण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. आता मालकीही इकडेच आली. एचसीएलने डिसेंबर २०२३ मध्ये चौदावी आवृत्ती काढली. तेरावी काढलीच नाही; बारानंतर थेट चौदा.