रकान्यातली जाळी

एक्सेलमध्ये महिन्याचा हिशोब मांडताना अचानक रकमेच्या जागी ##### अशी जाळी दिसते. रक्कम गेली कुठे? कुठेच नाही. ती चौकटीतच आहे, फक्त रकाना तिला अरुंद पडलाय.

मग लांबलचक नाव असं का लपत नाही? एसटीत शेजारची जागा रिकामी असली, की आपण ऐसपैस बसतो. मजकूरही तसाच शेजारच्या रिकाम्या चौकटीवर पसरतो. तिथे काही लिहिलेलं असलं, तर आपल्या हद्दीपाशी कापला जातो. अर्धवट नाव ओळखता येतं. पण १,२५,००० मधली शेवटची तीन शून्यं झाकली, तर सव्वा लाखाचे १२५ वाटतील. ही फसगत टाळण्यासाठी एक्सेल अर्धी रक्कम दाखवतच नाही.

उपाय सोपा आहे. रकान्याच्या माथ्यावरील अक्षराच्या उजव्या कडेवर डबल क्लिक करा. रकाना हवा तेवढा रुंद होतो. लांब मजकुरासाठी ‘रॅप टेक्स्ट’ निवडा. ओळी एकाखाली एक बसतात. रुंद करूनही तारखेवरची जाळी हटत नसेल, तर सूत्र तपासा: तारखांची वजाबाकी बहुधा शून्याखाली गेली असेल.