चांदणीची टोकं का जातात?

साच्याने कापलेली शुगर कुकी, समजा चांदणी, ओव्हनमधून गोलसर होऊन बाहेर आली की आपण पुढच्या वेळी सगळंच बदलतो. मैदा वाढवतो, बेकिंग पावडर कमी करतो, कापलेल्या कुकीज फ्रीजमध्येही ठेवतो. चांदणी जमते. पण कशामुळे जमली, सांगता येईल तुम्हाला?

बटर साधारण 32 ते 35 अंश सेल्सिअसला वितळतं. अंड्यातली प्रथिनं घट्ट व्हायला मात्र 60 च्या पुढे जावं लागतं. या मधल्या काळात कुकी पसरते, त्यात साखरेचाही पाक होत असतो. गार कुकीतलं बटर उशिरा वितळतं, तोवर कडा धरू लागते, म्हणून आकार टिकतो. हे झालं गृहीतक. आता तपासा.

एकाच गोळ्याची 5 मिलिमीटर जाड पोळी लाटून 12 चांदण्या कापा. सहा अर्धा तास फ्रीजमध्ये, सहा बाहेर. मग सगळ्या एकाच ट्रेमध्ये, 180 अंशांवर. गार डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे अशी मांडणी नको! ओव्हन सगळीकडे सारखा तापत नाही, मग तुमच्या आकड्यांत ओव्हनचा कोपराच दिसेल. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा (हो, कुकीजसाठीसुद्धा). भाजण्याआधी आणि नंतर रुंदी फूटपट्टीने मोजा.

आणि बाहेरच्या सहा लगेच भाजायच्या नाहीत, त्यांनाही अर्धा तास थांबवा. त्या वेळात मैदा पाणी शोषतो, पीठ मुरतं. एक गट मुरलेला आणि दुसरा ताजा असेल, तर फरक गारव्याने पडला की मुरण्याने, हे फूटपट्टी सांगणार नाही.