पडल्यानंतरची मांड

घोड्यावरून पडलेल्या मुलास घरी बहुधा दोन उपदेश ऐकावे लागतात. आई म्हणते, 'आता घोड्याचे नाव काढू नकोस.' वडील म्हणतात, 'ऊठ, असाच पुन्हा चढ; नाहीतर जन्मभर भीत राहशील.' दोन्ही उपदेश मायेपोटीच केलेले असतात. परंतु गेलेला धीर त्यांपैकी एकानेही परत येत नाही, असा आमचा अनुभव आहे. तो कसा परत येतो, हे येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही शाळेत असता एका सुटीत पवनीस मामांकडे गेलो होतो. त्यांच्या तट्टावर बसून गावच्या जुन्या परकोटाजवळून जात असता ते एकाएकी बुजले व आम्ही खाली आलो. मनगट मोडले. दीड महिन्याने हाड सांधले. परंतु रिकिबीत पाय घालताच गुडघे कापू लागत. ह्याची आम्हांस इतकी लाज वाटे की, ती गोष्ट आम्ही कोणाजवळ बोललो नाही.

वास्तविक लाज वाटण्याचे काही कारण नव्हते. ज्यांचे आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले त्या शहाजीराजांचा अंत १६६४ साली कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडूनच झाला. तेव्हा पडणे हे अडाणीपणाचे लक्षण नव्हे, आणि पडण्याची भीती हे भ्याडपणाचे नव्हे. एकदा दुखावलेले शरीर पुढे सावध राहते, इतकाच तिचा अर्थ.

परंतु ही सावधगिरी स्वारास घातक होते. भ्यालेला स्वार श्वास कोंडतो, गुडघे आवळतो, लगाम खेचतो. आणि हा ताण घोड्यास तत्काळ कळतो. स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोड्यावर बसून अथवा त्यास हाती धरून एकाच वाटेने चार खेपा करावयाच्या होत्या. चौथ्या खेपेस वाटेत छत्री उघडली जाईल, असे त्यांस सांगण्यात आले. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि छत्रीची वार्ताही नसलेल्या घोड्यांचेही वाढले! म्हणून भ्यालेल्या मुलास बळेच घोड्यावर बसविणे म्हणजे एकाच्या जागी दोघांस भिवविणे होय.

मग करावे काय? प्रथम वैद्यकीय तपासणी. डोक्यास मार लागला असेल, तर जखम दिसो वा न दिसो, त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसू नये. डोके दुखणे, भोवळ, ओकारी किंवा गोंधळल्यासारखे होणे ह्यांपैकी काही दिसल्यास डॉक्टरांकडे विलंब न लावता जावे, आणि त्यांनी अनुज्ञा देईपर्यंत स्वारी बंद ठेवावी. ज्या शिरस्त्राणाने मार सोसला ते पुन्हा वापरू नये. नंतर पडण्याचे कारण शोधावे. तंग ढिला होता काय? घोडा कशास बुजला? कारण कळले म्हणजे निम्मे भय ओसरते.

पुढचा मार्ग पवनीच्या घाटासारखा आहे. वैनगंगेत उतरणारा मनुष्य वरच्या पायरीवरून उडी घेत नाही. एकेक पायरी उतरतो. तद्वत् प्रथम घोड्यास चारा घालावा, खरारा करावा, त्यास हाती धरून फिरवावे. मग शांत, वयस्क घोड्यावर नुसते बसावे; दोर जाणत्याच्या हाती असावा. नंतर कदम चाल, आणि ती अंगवळणी पडल्यावर दुडकी. श्वास संथ चालू लागल्यावाचून पुढची पायरी घेऊ नये. भीती वाटल्यास एक पायरी मागे यावे. त्यात पराभव नाही. आणि सर्व ठीक चालले असतानाच त्या दिवसाची स्वारी संपवावी, म्हणजे मनात चांगली आठवण राहते.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल ह्या बाईंस १९४४ साली पोलिओ झाला व गुडघ्यांखालील पाय निकामी झाले. त्यांस घोड्यावर चढण्या-उतरण्यास दुसऱ्याचा हात लागे. तरीही १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी ज्युबिली नावाच्या घोडीवर पुरुष स्वारांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळविले. मदत घेणे आणि धीर असणे ह्यांत विरोध नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

आज पुष्कळ मुलांस घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत. परंतु सायकलीवरून पडलेल्या किंवा नदीत गटांगळ्या खाल्लेल्या मुलाची अवस्था ह्याहून निराळी नसते. पालकांस आमची विनंती एवढीच की, त्यास 'भित्रा' म्हणू नये.

आमच्या मामांस आमची भीती आम्ही न सांगताच कळली होती. त्यांनी तिचा उच्चार कधी केला नाही. दोर हाती घेऊन ते रोज संध्याकाळी विचारीत, 'आज कुठवर जायचे?' कधी आम्ही म्हणत असू, अंगणापर्यंत. कधी म्हणत असू, आज नकोच. ते 'बरे' म्हणत. सुटी संपण्याच्या आदल्या दिवशी आम्ही म्हणालो, 'परकोटापर्यंत.' तेव्हाही ते 'बरे' एवढेच म्हणाले, आणि तंग तपासू लागले.