टायमिंग बेल्ट घरी बदलताय? चावी फिरवण्याआधी हे वाचा

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टला जोडणारा दातेरी रबरी पट्टा. क्रँक 2 वेळा फिरला की कॅम 1 वेळा फिरतो. हा मेळ चुकला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड खोलायची वेळ येते.

आधी गाडीचं मॅन्युअल बघा. काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते. बेल्ट असेल तर किलोमीटर आणि वर्षं, दोन्हींची मर्यादा पाहा. गाडी उभी असली तरी रबर जुनं होतंच. लॉकिंग टूल लागत असेल आणि तुमच्याकडे नसेल, तर काम मेकॅनिककडेच द्या.

इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कव्हर खोला, क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवा, फोटो काढून ठेवा. मग टेन्शनर सैल करून बेल्ट काढा. यानंतर क्रँक किंवा कॅम हलवू नका. नवा बेल्ट दुमडू नका, त्याला ऑइल लागू देऊ नका. टेन्शनरही नवाच टाका. वॉटर पंप याच बेल्टवर चालत असेल तर तोही बदला.

टेन्शन सेट झालं की लगेच स्टार्टर मारायचा मोह होतो. थांबा! आधी पान्याने क्रँक नेहमीच्या दिशेने पूर्ण 2 फेरे फिरवा. मध्येच अडलं तर जोर लावू नका. खुणा पुन्हा जुळल्या तरच पुढे जा. एक दात जरी चुकला असेल, तर बेल्ट परत काढून बसवा. त्यात तासभर जाईल, पण इंजिन वाचेल.